फुगवायची दोन माणसांची कयाक: गावतळ्यापासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत

आधी निकाल सांगते, घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. बेळगावात फ्लॅटमध्ये राहून अधूनमधून घाट उतरणाऱ्यांनी फुगवायची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, बेलाशक घ्यावी. खाडीकाठीच ज्यांचं घर आहे त्यांनी मात्र टणक प्लास्टिकचीच घ्यावी. फुगवायची कयाक बुडत नाही, फाटायचीही फारशी भीती नाही, खरं वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. विकणारे हे सांगत नाहीत.

आमची दिवाळीनंतर घेतली. लांबी सव्वातीन मीटर, वजन वल्ह्यांसकट 15 किलोच्या आसपास. टिळकवाडीत आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तरी भाऊ एकटा पाठीवर टाकून दुसऱ्या मजल्यावर नेतो. बाजूच्या दोन नळ्यांना 3 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते. तळ वेगळा, आतून वरखाली धाग्यांनी जखडलेला, त्याला 8 पीएसआय. तळाला 5-6 झाले की हात दुखतात आणि 'पुरे की आता' असं वाटतं. तिथे थांबलं तर दोघं बसल्यावर होडी मध्ये वाकते आणि वल्हवण्यातली निम्मी ताकद त्या वाकण्यातच जाते. पंपाला काटा असलेलाच घ्या. बोटाने दाबून अंदाज करण्याचं हे काम नव्हे.

हवेवरून एक गोष्ट, जी सूचनापुस्तिकेत नाही आणि घाटावरच्या माणसालाच लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर. इथे पूर्ण फुगवून, कॅरिअरवर बांधून आम्ही एकदा मुद्दाम खाली नेऊन बघितली. आंबोली उतरून सावंतवाडीत काटा लावला तर नळ्या साधारण 1 पीएसआयने मऊ. गळती नव्हे, खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो इतकंच. याच्या उलटं मात्र कधी करू नका. खाली 3 वर फुगवलेली कयाक तशीच घाट चढवली तर इथे पोहोचेपर्यंत नळ्या 4 च्या वर जातात, त्यात टपावरचं ऊन. शिवण उसवायला तेवढं पुरे.

सराव तालुक्यातल्या एका गावतळ्यात केला, पंचायतीला विचारून. (राकसकोपचं नाव बरेच जण काढतात. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथे होडी घालायचा विचारही नको.) तळ्यात शिकायची गोष्ट एकच: खोल पाण्यात कयाक उलटवायची, सुलटी करायची आणि परत वर चढायचं. वल्हवणं आपोआप येतं, हे येत नाही. पाण्यात आडवं होऊन पाय मारत पोट आधी आत सरकवायचं, मग वळून बसायचं. दुसऱ्याने पलीकडची नळी दाबून धरायची. दमलेल्या अवस्थेतही हे जमेपर्यंत खाडीचं नाव काढू नये.

मग खाडी. आम्ही जातो ती तेरेखोलची, आरोंद्याच्या बाजूने. बेळगावहून शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता. नदी बांद्याकडून येते, पलीकडचा काठ गोव्याचा. तिथे आत्याचं घर आहे हे खरं कारण. मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, पहिल्याच दिवशी विचारलं, "तिथी कोणती बघून आलात?" आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे.

त्यांचं गणित असं. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांत तेच. पुढची भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी, म्हणून रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. छापील तक्त्याशी ताडून पाहिलं तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी तक्ता बघतोच. पण महिनाभर आधी तारीख ठरवायला पंचांग पुरतं. शिवाय तक्त्यातली वेळ मुखाजवळची. आत, वरच्या अंगाला, भरती उशिरा पोहोचते आणि पाणी चढायचं थांबलं तरी प्रवाह लगेच फिरत नाही.

सहा तासांत पाणी सारखं चढत नाही, हे त्याहून महत्त्वाचं. एकूण चढाचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. त्या वेळी प्रवाहाविरुद्ध वल्हवायला गेलं की काठावरचं झाड बराच वेळ शेजारीच उभं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चढउतार 2 मीटरच्या वर जातो, अष्टमीनंतरच्या भांगाला, म्हणजे कमजोर भरतीच्या दिवसांत, त्याच्या निम्म्याच्या आसपास. नवख्यांनी भांग बघून जावं असं सगळे सांगतात. मला ते अर्धंच पटतं, कारण भांगाच्या दिवसांत भरती पहाटे किंवा संध्याकाळी पुरी होते आणि ऐन दुपारी चिखल उघडा पडतो.

आमचा आवडता दिवस द्वादशी किंवा त्रयोदशी. साडेसातला पाण्यात उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर वर बांद्याच्या दिशेने जायचं. साडेनऊच्या सुमारास पाणी थबकलं की कांदळवनाच्या सावलीत डबा उघडायचा आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर खाली यायचं. साडेअकराच्या आत काठावर. रविवार आणि त्रयोदशी जुळत नाहीत म्हणून भाऊ ऑफिसात रजेचा अर्ज पंचांग बघून टाकतो. आत्याचं वेगळंच: "प्रदोषाक उपास करूचो सोडून होडी कसली घालतास रे?"

साडेअकरा का, तर वारा. सकाळी जमिनीकडून हलकी झुळूक असते. जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारी दोन-तीनला जोरात असतो. ओहोटी समुद्राकडे, वारा समुद्राकडून: दोघांची गाठ पडली की पाणी आखूड, टोकदार उसळतं. टणक कयाक पाण्यात खोल बसते, तिचं निभतं. आमची पाण्यावर फुग्यासारखी तरंगते. वल्ही थांबवली की तोंड फिरवते आणि उलटी वर निघते, ओहोटी असूनसुद्धा. मागच्या अंगाला खाली बसवायचं पातं, म्हणजे फिन, बरोबर आलं ते बोटभर होतं. ते बदलून वीतभर लांबीचं लावलं तेव्हा सरळ जायला लागली. उथळात ते चिखलात रुततं, खरं तेवढं चालवून घ्यावं लागतं.

जाळी बांधायला खाडीत खांब रोवलेले असतात. ओहोटीत त्यांच्या वरच्या बाजूने आडवं जाऊ नये. प्रवाह होडी खांबावर नेऊन दाबतो आणि दोन माणसांच्या जोराने ती सुटत नाही. खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी. आमच्या तळाला एक चीर तिथेच गेली. इथल्या पंक्चरवाल्याने सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन लावून ठिगळ मारलं, ते दुसऱ्या दिवशी सोलून निघालं. ते रबराचं, आणि कयाक पीव्हीसीची. पीव्हीसीचा डिंक वेगळा मागवून लावल्यावर आजतागायत टिकलंय. किटमधली डिंकाची ट्यूब उघडण्याआधीच वाळलेली होती. कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

चिखलात पाय टाकायची वेळ आली तर मांडीपर्यंत जातो. म्हणून उतरायची जागा दगडी पायऱ्यांची किंवा जेटीची, तीही ओहोटीला आदल्या दिवशी जाऊन बघितलेली. कुंभारजुव्याच्या कालव्यात घालायचा भावाचा हट्ट होता. तिथे मगरी आहेत, विषय संपला.

बाकी सामान थोडक्यात. रुंद कयाकला वल्हं 230 सेंटिमीटरचं हवं, आखूड वल्ह्याने बोटं नळीवर घासतात. तरंगत ठेवणारं जॅकेट 50 न्यूटनचं (वर उचलून धरायची ताकद) असेल तर पोहता येणाऱ्यालाच पुरतं, न येणाऱ्याला 100 चं. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली असावी. मोबाइलला पाणी न शिरणारी पिशवी, आणि पाणी माणशी दोन लिटर.

खरं कष्टाचं काम घरी आल्यावर. खारं पाणी कापडाच्या घड्यांत आणि चेनमध्ये राहतं, चेन आठवड्यात घट्ट बसते. बाथरूममध्ये गोड्या पाण्याने धुवायची, व्हॉल्व्हच्या बसकणीतला वाळूचा कण काढायचा (हळूहळू हवा जाते ती बहुतेक वेळा याच कणाने, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात), मग गच्चीवर सावलीत पूर्ण वाळवायची. एवढ्याला अर्धा दिवस जातो. आमच्या इथल्या पावसात वाळणं शक्य नाही आणि तेव्हा नदीच्या लोंढ्यापुढे भरतीचाही भरवसा नसतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर ती सैल घडी घालून कॉटखाली. माळ्यावर ठेवू नका, उंदीर लागतात.

एकट्याला वापरायची असेल तरी दोघांचीच घ्या. पुढची सीट काढून मागची मध्ये सरकवली की एकटा माणूस नीट वल्हवतो, फक्त पुढच्या टोकाला पाण्याचा कॅन बांधायचा, नाहीतर वारा ते उचलतो.