फिशटँकवर अडकवायचा १२ व्होल्टचा फॅन: उन्हाळ्यात झाडं वाचतात का?

मार्च उलटला की कोल्हापुरात पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत टँकचं पाणी दुपारी ३१-३२ अंशांवर जायला वेळ लागत नाही. मासे बहुतेक वेळा निभावून नेतात. झाडं मात्र गपचूप उपाशी मरतात. त्यावर उपाय म्हणून दुकानात हमखास पुढं केला जातो तो काचेच्या कडेला अडकवायचा, दोन तोंडांचा, १२ व्होल्टचा छोटा फॅन. दोन फुटी टँकला तो घ्यावा असंच मत आहे, पण खोक्यावर न छापलेल्या काही गोष्टी माहीत असतील तरच.

आधी झाडाचं काय बिघडतं ते बघू. पाणी तापलं की झाडाचं श्वसन वाढतं, ढोबळमानानं दर १० अंशांना दुप्पट. उजेड तेवढाच राहतो, आणि कार्बन डायऑक्साइड २५ अंशांपेक्षा ३० अंशांच्या पाण्यात साधारण १३ टक्के कमी विरघळतो. खर्च वाढला, कमाई घटली. मग पेरं लांबतात, नवी पानं बारीक आणि फिकी येतात, जुन्या पानांवर शेवाळ चढतं. पुष्कळ जण इथं खत वाढवतात आणि ते खत शेवाळच खातं. क्रिप्टोकोरायनी (थोडक्यात क्रिप्ट) या पाणवनस्पतीची पानं तर दोन दिवसांत पारदर्शक होऊन लिबलिबीत होतात. तसं झालं तर सडकी पानं कापा, पण कंद उपटू नका. मुळं पांढरी आणि घट्ट असतील तर ते झाड पुन्हा फुटतं.

फॅनचं काम माठासारखं आहे. वारा पाण्यावरून गेला की वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. ६० लिटरच्या टँकमधून १ लिटर पाणी उडालं तर हिशेबानं ९ अंशांहून जास्त उतरण्याइतकी उष्णता जाते. खोलीतून उष्णता परत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात २ ते ४ अंश उतरतात. २८ च्या आसपास आलं तरी झाडांना पुरे. त्या तुलनेत अर्ध्या लिटरची बर्फाची बाटली त्याच टँकला जेमतेम १ अंश उतरवते, तेही तासाभरापुरतं, आणि वरखाली होणारं तापमान क्रिप्टला आणखी नडतं.

बसवताना झाकण काढावंच लागतं. झाकण ठेवून फॅन लावणं म्हणजे माठाला प्लॅस्टिक गुंडाळणं. पाण्याची पातळी काठापासून ४-५ सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे मासे उड्या कमी मारतील. उडी मारणारेच असतील तर वर मच्छरदाणीची जाळी ताणा. फॅन आखूड बाजूला लावून इतका तिरका करा की वारा पाण्याला घासून पलीकडे जाईल. सरळ खाली तोंड केलं तर एकाच जागी खळगा पडतो. वायरला अ‍ॅडॉप्टरच्या खाली झोल हवा, नाहीतर थेंब ओघळत सॉकेटपर्यंत जातो.

रोज उडालेलं पाणी भरायचं ते आरओचं. पाणी उडतं, क्षार मागंच राहतात. बोअरचं पाणी भरत राहिलात तर मे संपेपर्यंत पाणी इतकं जड होतं की झाडांचा त्रास उन्हाचा की क्षारांचा, कळत नाही. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेला असेल तर लाटांमुळं वायू लवकर निसटतो. ड्रॉप चेकर (पाण्यात हा वायू किती आहे ते रंगानं दाखवणारी छोटी कुपी) निळा पडायला लागला, म्हणजे वायू कमी पडला, तर फॅनचा वेग कमी करा.

सोबत तापमान बघून फॅन आपोआप चालू-बंद करणारा एसटीसी-१००० हा कंट्रोलर घेतलेला बरा. त्याच्या सेटिंगमध्ये एफ१ ला हवं ते तापमान २७.५, एफ२ ला फरक ०.५ लावायचा आणि पंखा कूलिंगच्या रिलेवर, म्हणजे थंड करण्याच्या स्विचवर, जोडायचा. त्याची जोडणी २३० व्होल्टची असते, तेव्हा वायरमनकडून आणि डब्यात बंद करूनच. सेन्सर आधी बर्फाच्या पाण्यात धरा. शून्य दाखवत नसेल तर एफ४ मध्ये दुरुस्ती होते. दिव्याची वेळही दुपारची काढून संध्याकाळी ५ ते ११ करा, नाहीतर दिवा आणि फॅन एकमेकांशीच भांडत बसतात. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजनही कमी राहतो आणि अंधारात झाडंही तोच ओढतात, म्हणून रात्री एअर पंप चालू ठेवा.

उणिवाही आहेत. वळीव पडून हवा दमट झाली की हा फॅन जेमतेम अंशभर उतरवतो. स्वस्तातल्या मॉडेलचं बेअरिंग ओलीनं खरखरायला लागतं. पात्यांवरचा पांढरा थर महिन्याला पुसलात तर जास्त टिकतं. लाइट गेली की फॅन बंद, पण व्होल्टेज आणि पिन जुळत असेल तर राउटरचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस त्याला चालतो.

चार फुटी टँकला मात्र एवढ्याशा फॅननं काही होत नाही. तिथं अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला अशी ३० अंश सोसणारी झाडं लावा. गार पाणी लागणारं फिसिडेन्स मॉस लावायचंच असेल तर चिलरचे, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचे, पैसे बाजूला काढा.