कुंडीतील ब्लूबेरी आणि उन्हाळी फळांचा स्वयंपाक : पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

वेगवेगळ्या वाणांची ब्लूबेरीची दोन झुडपे कुंड्यांमध्ये लावली, त्यांचा फुलोरा पाहिला, फळे तोडली आणि ती स्वयंपाकात भरपूर वापरली, त्यामुळे आता त्यांविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे. माझे मत आधीच सांगून टाकणे बरे. हे झुडूप नाजूक नाही, परंतु मातीच्या आंबटपणाच्या बाबतीत ते कोणतीही तडजोड चालवून घेत नाही, आणि त्याकडे वर्षभर लक्ष देण्याची ज्याची तयारी असेल त्यानेच ते घरी आणावे.

ब्लूबेरीला साधारणपणे ४.५ ते ५.५ सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) असलेली माती लागते. बहुतेक भाज्या आणि फुलझाडे ६ ते ७ सामूच्या मातीत सुखाने वाढतात, म्हणजे बागेतील नेहमीची सुपीक माती या झुडपाच्या कामाची नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी आम्लधर्मी मातीची ही गरज १९१० मध्ये आपल्या प्रयोगांतून मांडली. पुढे न्यू जर्सीतील एलिझाबेथ व्हाइट यांच्यासह रानातील उत्तम झुडपे निवडून त्यांनी लागवड उभी केली आणि १९१६ मध्ये त्या फळांचे पहिले पीक विक्रीला गेले. इतर फळझाडांच्या मानाने ब्लूबेरीची शेती किती अलीकडची आहे, हे यावरून लक्षात येते.

कुंडीसाठी मी पीट मॉस (दलदलीतील अर्धवट कुजलेले शेवाळ), पाइनच्या सालीचा चुरा आणि परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके खनिज खडे) यांचे मिश्रण वापरले. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलावा उत्तम धरते, पण ते पीटइतके आम्ल नसते, त्यामुळे केवळ त्याच्यावर भिस्त ठेवू नये. या झुडपाची मुळे उथळ आणि अतिशय बारीक असतात व त्यांना इतर वनस्पतींसारखे मूळरोम (पाणी शोषणारे केसांसारखे बारीक तंतू) नसतात, म्हणून माती एकदा जरी कडक वाळली तरी झुडूप लगेच मलूल होते, आणि पाणी साचले तर मुळे कुजतात. रुंद कुंडी, चांगला निचरा आणि वर सालीचे जाड आच्छादन, एवढ्याने हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

खरी कसोटी पाण्याची आहे. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातील बायकार्बोनेट मातीचा सामू हळूहळू वर चढवतात, आणि त्याची पहिली खूण कोवळ्या पानांवर दिसते : शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. माझ्या एका झुडपावर हे दिसू लागले, तेव्हा मातीचा सामू ६ च्या पुढे गेलेला होता. अशा वेळी मातीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही, म्हणून नुसते खत वाढवून काहीही साधत नाही. साठवलेले पावसाचे पाणी देणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटला. गंधकही उपयोगी पडते, मात्र मातीतील जिवाणूंनी त्याचे आम्ल करेपर्यंत बराच काळ जातो, त्यामुळे ते आधीपासून मिसळावे लागते. नत्र अमोनियमच्या रूपात, उदाहरणार्थ अमोनियम सल्फेटमधून, आणि तेही अगदी थोडे द्यावे. मातीत खुपसण्याच्या स्वस्त सामूमापकांवर माझा विश्वास बसला नाही. माती शुद्ध पाण्यात कालवून, प्रमाणित करून घेतलेल्या मापकाने मोजणे अधिक चांगले.

रोप निवडताना थंडीच्या तासांची चौकशी अवश्य करावी. उत्तरी हायबुश (थंड प्रदेशांतील उंच झुडपांच्या) वाणांना फुलोऱ्यासाठी सुमारे ८०० किंवा त्याहून अधिक तास ७ अंश सेल्सिअसखालील थंडी लागते, तर दक्षिणी हायबुश वाणांचे काम त्यापेक्षा पुष्कळ कमी थंडीत भागते. एकाच वेळी फुलणारे दोन वाण शेजारी ठेवले तर परपरागीभवनामुळे, म्हणजे एका वाणाचे पराग दुसऱ्याच्या फुलांवर गेल्यामुळे, फळ मोठे होते.

फळ निळे झाले म्हणजे पिकले, असे मात्र नाही. देठाजवळची लालसर कडा पूर्ण जाईपर्यंत आणखी काही दिवस थांबावे, कारण तोडल्यानंतर या फळाची गोडी वाढत नाही. हा संयम घरच्या लागवडीतच शक्य आहे, आणि माझ्या दृष्टीने एवढ्या खटाटोपाचे तेच सर्वांत मोठे समाधान आहे. फळावरील पांढुरका मेणाचा थर त्याचे रक्षण करतो, म्हणून फळे खाण्याच्या वेळीच धुवावीत.

आंबटपणाचे महत्त्व स्वयंपाकातही संपत नाही. फळातील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लालसर जांभळे राहते, पण खाण्याचा सोडा जास्त झालेल्या केकमध्ये फळाभोवती हिरवट डाग उमटतात. लिंबाचा थोडा रस किंवा आंबट दही घातले की रंग टिकतो आणि चवही उठून दिसते. पीच, जर्दाळू किंवा चेरीबरोबर शिजवताना मी निम्म्या ब्लूबेरी साखरेसह मंद आचेवर फुटू देऊन दाट रस करते आणि उरलेल्या विस्तव बंद केल्यावर मिसळते, म्हणजे शिजलेल्या फळाचा गोडवा आणि ताज्या फळाचा टवटवीतपणा दोन्ही मिळतात. पीचची साल काढायची असेल तर फळ अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावे. पिकलेल्या पीचची साल मग बोटांनीच सुटते.

जॅमसाठी मिश्रण १०५ अंशांच्या आसपास पोहोचावे लागते, आणि लिंबाच्या आम्लाशिवाय फळातील पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ) नीट धरत नाही. अडचण वेगळीच आहे : कुंडीतील तरुण झुडपाची फळे कित्येक आठवडे थोडी थोडी पिकत राहतात, त्यामुळे जॅमपुरती एकदम हाती येत नाहीत. यावर उपाय म्हणून रोजची तोड न धुता, कोरडी, ताटात एकाच थरात पसरून गोठवावी आणि कडक झाल्यावर डब्यात भरावी. जॅमच्या दिवशी ती धुऊन थेट पातेल्यात घालता येते, आणि केकमध्ये वितळू न देता मिसळली तर पिठात जांभळा रंगही फारसा पसरत नाही.