जुन्या जीपचे पाटे: कमान चढवायची की नवा संच घ्यायचा?

महिंद्राने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस. पुढे सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत बंद झाल्यावरही इथे वर्षानुवर्षे बनत राहिलं. म्हणून आपल्याकडे अजून बऱ्याच गोठ्यांत आणि अंगणांत या गाड्या उभ्या आहेत, आणि बहुतेकींचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा (लीफ स्प्रिंग), बसलेले आहेत; त्यांचा वाक, म्हणजे कमान, उतरली आहे. गाडी एका बाजूला कलते, खड्ड्यात रबरी स्टॉपर आपटतो. मग गॅरेजमध्ये तीन सल्ले मिळतात: कमान चढवून घ्या, एक पाटा वाढवा, नाहीतर नवा संच घ्या.

यातलं काहीही ठरवण्याआधी संच खोला आणि प्रत्येक पाट्याची जाडी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजा. पाटा ‘बसणं’ आणि ‘झिजणं’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. ६ मिमीचा पाटा गंजून, घासून ५.५ मिमीवर आला तर त्याचा जवळपास २३ टक्के जोर गेला. कमान कितीही चढवा, तो जोर परत येत नाही. कोकणातल्या गाडीत खारी हवा आणि चिखल पाट्यांच्या मधे शिरून गंज धरतो, आणि वरच्या पाट्यावर खालच्याचं टोक जिथे घासतं तिथे खाच पडते. बोट फिरवलं तरी ती लागते. सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध जोडणाऱ्या बोल्टच्या) भोकाजवळ आणि मेन पाट्याच्या (सर्वांत लांब, वरच्या पाट्याच्या) डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या गोल वळशापाशी, तडा आहे का, हे रंग झिरपवून होणाऱ्या तपासणीत दिसतं. तडा गेलेला पाटा वेल्डिंग करून परत बसवू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचं पाणी (तापवून-विझवून आणलेला कठीणपणा) उतरतं आणि पाटा तिथेच तुटतो.

जाडी शाबूत आहे, फक्त कमान उतरली आहे, असं दिसलं तर कमान चढवणं योग्य, आणि सगळ्यांत स्वस्तही. पण ते कसं करतात हे विचाराच. थंड पाट्यावर घण मारून किंवा प्रेसमध्ये वाकवून दिलेली कमान दिसायला छान असते, पण टिकत नाही. कारखान्यात नवा पाटा वजनाच्या दिशेने मुद्दाम दाबून बसवून घेतात, त्यामुळे वापरात ताण सोसणाऱ्या बाजूला आतून आधार मिळतो. थंड वाकवताना नेमकं उलट होतं. आतल्या, अंतर्वक्र बाजूला ओढ शिल्लक राहते आणि गाडीचं वजनही तिथेच ओढ देतं. त्यावर घणाचे वण पडलेले असले तर तडा तिथूनच सुरू होतो.

गरम करून कमान देणारा कारागीर मिळाला तर चांगलंच, मात्र त्याच्याकडे पाणी देण्याची सोय हवी. पाट्याचं सिलिको-मँगनीज पोलाद साधारण ८५० ते ९०० अंशांवर तापवून तेलात विझवावं लागतं आणि मग ४५० ते ५०० अंशांच्या आसपास परत तापवून नरम करावं लागतं. पहिली पायरी करून दुसरी सोडली तर पाटा काचेसारखा तडकतो. नुसता तापवून, वाकवून हवेत गार केला तर काही महिन्यांत पुन्हा बसतो. काम झाल्यावर कठीणपणा मोजून मागा, रॉकवेल सी या कठीणपणाच्या मापात तो चाळिशीच्या घरात यायला हवा. मोजून देण्याची तयारी नसलेल्याकडे मी तरी मेन पाटा देणार नाही.

पाटा वाढवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, आणि मला तो पटत नाही. रिकामी सीजे-३बी जेमतेम टनभर वजनाची. जास्तीच्या पाट्याने ती उंच होते, पण घाटात उड्या मारायला लागते, आणि जुन्या मेन पाट्याची झीज किंवा तडा काही भरून येत नाही. रोज माल वाहायचा असेल तरच याचा विचार करावा.

दोन-तीन पाट्यांची जाडी गेली असेल, किंवा मेन पाट्यालाच खाच असेल, तर नवा संच घ्या. भंगार बाजारातून एकेक पाटा जमवणं मोहात पाडतं, पण त्याची कमान आणि कठीणपणा बाकीच्यांशी जुळण्याची खात्री नसते. नवा बनवून घेताना जुन्याची रुंदी (सीजे-३बीला पावणेदोन इंच), डोळ्यापासून सेंटर बोल्टपर्यंतची दोन्ही बाजूंची लांबी आणि पाट्यांची संख्या कागदावर लिहून द्या. डावा-उजवा जोडीनेच बदला. मूळ रूपातली गाडी प्रदर्शनात न्यायची असेल तर जाडी टिकलेल्या जुन्या पाट्यांवर नीट पाणी देऊन घेण्याचा खर्च सोसावा. घाटात, शेतात चालवायची असेल तर नवा संच जास्त निर्धास्त.

कुठलाही मार्ग घेतलात तरी यू-बोल्ट (पाट्यांचा संच अॅक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट) नवेच घाला, जुने ताणलेले असतात. शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बुश, म्हणजे आतल्या नळ्या, ढिले किंवा जाम असतील तर नवा पाटासुद्धा खडबडीतच चालेल. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच अखेरचे कसा, अधांतरी कसले तर रबर पिळून फाटतं. आणि काहीशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट एकदा पुन्हा आवळून घ्या.