मायक्रोटिक हेक्स राउटर : हळदीच्या पेढीवर वेगमर्यादेचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद अडत पेढीवर बसवलेला मायक्रोटिकचा हेक्स, म्हणजे आरबी७५०जीआर३, हा राउटर गेल्या हंगामापासून माझ्या देखरेखीखाली चालू आहे. पाच गिगाबिट पोर्ट आणि २५६ एमबी मेमरी एवढी त्याची बाह्य ओळख पुरे. हा राउटर घ्यायचा तो त्यातील राउटर-ओएस या चालक प्रणालीच्या क्यू-व्यवस्थेसाठी, म्हणजे पॅकेटांच्या (डेटाच्या लहान तुकड्यांच्या) रांगा लावून वेग वाटून देण्याच्या सोयीसाठी, म्हणून हे परीक्षणही तिचेच आहे.

पेढीची लाइन २० एमबीपीएसची आहे. ऐन सौद्यांच्या वेळी गोदामातील कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग बाहेर जाऊ लागले की दिवाणजींचे ई-वे बिलाचे पान नुसते फिरत राही आणि भरलेला ट्रक दारात उभा असे. लाइन अपुरी पडत होती असे नव्हे. पुरवठादार आपल्या टोकाला पोलिसिंग करतो, म्हणजे ठरलेल्या वेगापलीकडची पॅकेट रांगेत न ठेवता सरळ टाकून देतो, आणि त्यातले बिलाचे कोणते व कॅमेऱ्याचे कोणते याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. हेक्सवर अपलोडची मॅक्स-लिमिट (कमाल वेग) लाइनपेक्षा थोडी कमी, १८ एमबीपीएस ठेवल्यावर रांग पेढीच्या राउटरवरच लागू लागली, आणि रांग आपल्या ताब्यात आली की कोणाला आधी सोडायचे हेही आपणच ठरवतो. कॅमेऱ्यांना खालचा प्राधान्यक्रम दिल्यावर ई-वे बिलाची तक्रार थांबली.

वेगाचा आकडा घालणे सोपे असते. खरे काम बर्स्टचे, म्हणजे ठरलेल्या वेगापलीकडे एका दमात किती डेटा सोडायचा याचे. ही मुभा बादलीसारखी असते : ठरलेल्या वेगाने ती भरत राहते आणि पॅकेट गेले की तेवढी रिकामी होते. सिस्कोच्या राउटरवर पोलिसिंग करताना वेग बिटमध्ये आणि बर्स्ट बाइटमध्ये द्यावा लागतो, त्यामुळे आठाने भागायचे राहिले की सगळे गणित बिघडते. तेथील जुना, रूढ ठोकताळा असा की वेगाला आठाने भागून दीडने गुणावे. २० एमबीपीएसला तो ३७,५०,००० बाइट येतो. त्याऐवजी कोणी ८,००० बाइट ठेवले, तर १,५०० बाइटची पाच पॅकेट पाठोपाठ येताच बादली रिकामी होते, पुढची पॅकेट गळतात, टीसीपी, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग सांभाळणारा इंटरनेटचा नियमसंच, दचकून वेग कमी करतो आणि विकत घेतलेला वेग कागदावरच राहतो. हेक्सवर हीच बादली काळाच्या मापात सांगता येते. बकेट-साइज (बादलीचे माप) मुळात ०.१ असते, म्हणजे कमाल वेगाने ०.१ सेकंदात जाईल एवढा डेटा, २० एमबीपीएसला २,५०,००० बाइट. हा आकडा लहान वाटला तरी येथे बादलीमागे रांग असते, त्यामुळे जास्तीचे पॅकेट लगेच मरत नाही आणि मूळ मूल्य बहुतेक ठिकाणी निभावून नेते.

गोंधळ होतो तो पुढे. बर्स्ट-लिमिट, बर्स्ट-थ्रेशोल्ड आणि बर्स्ट-टाइम ही तीन घरे बादलीची नसून सरासरीची आहेत : बर्स्ट-टाइममधील सरासरी वेग थ्रेशोल्डखाली असेपर्यंतच बर्स्ट-लिमिटएवढा जादा वेग मिळतो. मॅक्स-लिमिट १०, बर्स्ट-लिमिट १६, थ्रेशोल्ड ८ एमबीपीएस आणि टाइम १६ सेकंद दिले, तर जादा वेग १६ सेकंद टिकत नाही. थ्रेशोल्ड गुणिले टाइम भागिले बर्स्ट-लिमिट, म्हणजे तो ८ सेकंदच मिळतो. पडद्यावर याचा कोठेही खुलासा नाही, आणि नवख्या माणसाला तो पुस्तिका वाचल्याशिवाय कळणार नाही. मात्र विनबॉक्समध्ये, म्हणजे राउटर हाताळण्याच्या मायक्रोटिकच्या संगणकीय प्रोग्रॅममध्ये, क्यूशेजारचे चिन्ह निम्म्या वापरापर्यंत हिरवे, पाऊण भागापर्यंत पिवळे आणि त्यापुढे लाल होते, ही सोय इतकी कामाची आहे की दिवाणजी आता फोनवर आधी रंगच सांगतात.

विकत घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासावी. मूळ मांडणीत फास्टट्रॅक, म्हणजे बरेचसे टप्पे टाळून पॅकेट झटपट पुढे नेणारा नियम, चालू असतो आणि त्यातून जाणारी वाहतूक सिंपल क्यूला, म्हणजे वर सांगितलेली वेगमर्यादा जिथे घालतात त्या रांगेला, दिसतच नाही. तो नियम बंद केल्याशिवाय वरचे सर्व आकडे निरर्थक ठरतात. बंद केल्यावर भार प्रोसेसरवर येतो, जो अशा लहान लाइनला जाणवत नाही, पण पूर्ण गिगाबिटची लाइन क्यूमधून काढायची असेल तर हे यंत्र घेऊ नये. डाउनलोडचे नियंत्रणही मर्यादितच मानावे, कारण पॅकेट लाइन ओलांडून आल्यानंतर आपण ते अडवतो आणि पलीकडचा पाठवणारा मंदावेल एवढीच आशा उरते.

हे यंत्र ८ ते ३० व्होल्टवर चालते, त्यामुळे वीज गेल्यावर पेढीवर ते कॅमेऱ्यांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालू राहते.