दोन रुपयांचं नाणं आणि पंचवीस लाखांचं आमिष

घरातलं एखादं पोर सुट्टे पैसे चाळत बसत असेल, नाण्यावरच्या सालाखालची खूण बघून नाणी वेगळी काढत असेल, तर खुशाल काढू द्या. छंद चांगला आहे. पण नेमक्या याच पोरांवर टपलेली फसवणाऱ्यांची एक जमात आहे. ती कसं काम करते ते मला भाच्याच्या प्रकरणात जवळून बघायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

भाचा सतरा वर्षांचा. नाण्यांचा नाद त्याला माझ्यामुळे लागला. सालाखाली हिरा असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, तारा असेल तर हैदराबादचं, टिंब नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं, एवढं कळलं की मुलं वाण्याच्या गल्ल्यापाशी रेंगाळायला लागतात. त्याच्याकडे १९९४चं दोन रुपयांचं नाणं होतं. अकरा बाजूंचं, भारताच्या नकाशावर झेंडा असलेलं, सालाखाली हिरा. नेमकी त्याच नाण्याची रील त्याला दिसली. हे नाणं द्या, पंचवीस लाख घ्या, आणि खाली व्हॉट्सॲप नंबर.

समोरच्याने पहिल्याच मेसेजमध्ये विचारलं, ‘सर, डायमंड मिंट है क्या?’ इथेच पोरगं गळाला लागलं. ज्या खुणेबद्दल वर्गातल्या एकाही मित्राला माहीत नाही, ती खूण हा माणूस विचारतोय म्हणजे जाणकारच असणार. शिवाय सतराव्या वर्षी कुणी ‘सर’ म्हणत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो मागवले, ‘आपका कॉइन सिलेक्ट हो गया’ म्हणून अभिनंदन झालं आणि रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह छापलेलं एक पत्र आलं. त्यात भाच्याचं नाव, नाण्याचं साल, रक्कम, सही, गोल शिक्का, सगळं होतं. मराठी मात्र असं की सरकारी परिपत्रकालाही लाज वाटावी.

मग पैसे मागणं सुरू झालं. आधी नोंदणीचे ८५० रुपये. ते भरल्यावर जीएसटीचे ४,२००. ते भरल्यावर ‘आरबीआय एनओसी’चे, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ना हरकत पत्राचे, ११,५००. प्रत्येक वेळी हेच शेवटचे आणि सगळे परत मिळणार. घरी सांगू नका, रक्कम मोठी आहे, ही सूचनाही होतीच. पैसे जात होते ताईच्या मोबाइलवरून. शेवटी ‘रिफंड’साठी म्हणून एक क्यूआर कोड आला, तो स्कॅन करून पिन टाकायचा होता. तेवढ्यात ताईने बँकेचे मेसेज पाहिले, म्हणून प्रकरण साडेसोळा हजारांवर थांबलं. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार.

नंतर मी दुसऱ्या मोबाइलवरून त्याच नंबरला दूधवाल्याकडून सुट्ट्या पैशांत आलेल्या साध्या दहाच्या नाण्याचा फोटो पाठवला. तेही दुर्मीळ निघालं! तीच वाक्यं, तेच अभिनंदन, नोंदणीही ८५० रुपयांचीच. खूण विचारायची, पण उत्तर काहीही आलं तरी चालतं. ही गोष्ट भाच्याला मी दाखवली तेव्हा पैसे गेल्यापेक्षा त्याला तिचाच जास्त राग आला.

त्या दोनच्या नाण्याचं खरं काय? ‘राष्ट्रीय एकात्मता’ मालिकेतलं हे नाणं १९९०च्या दशकापासून २००४पर्यंत भरमसाट पाडलं गेलं. खिशातून खिशात फिरून घासलेल्या नाण्याला संग्राहक दर्शनी किमतीपेक्षा फार काही देत नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं २०१२चं नाणंही असंच, त्याच्याही लाखांच्या जाहिराती फिरतात. भाव ठरतो तो किती नाणी पाडली, त्यातली किती कोऱ्या अवस्थेत उरली आणि ती हवी असणारे किती, यावर. आणि जो खरोखर विकत घेणारा आहे तो नाणं हातात घेतो, भिंगाखाली धरतो आणि स्वतःच्या खिशात हात घालतो. तुम्हाला खिशात हात घालायला लावत नाही. मुलांना टांकसाळीच्या खुणा शिकवतो तेव्हाच बाजारातला खरा भाव दाखवायची पद्धत मी आता ठेवली आहे. काहींचा चेहरा पडतो, पण ज्याला नाद असतो तो टिकतो.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांत ती नसते, शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या नावाने ते घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. त्यामुळे पत्रावर शिक्का कितीही गोल असला तरी ते पत्र खोटंच.

ताईने लगेच १९३०ला फोन केला. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक. शेवटचे ११,५०० गोठवले गेले. आधीचे दोन्ही हप्ते तोवर दुसऱ्या खात्यांतून पुढे सरकले होते. भाचा लाजेने चॅट पुसायला निघाला होता, ते आम्ही थांबवलं. तक्रारीला तेच स्क्रीनशॉट आणि व्यवहारांचे क्रमांक लागले.

थोड्या दिवसांनी ताईला आणखी एक फोन आला. बोलणारा स्वतःला सायबर विभागाचा अधिकारी म्हणवत होता, आमची नेमकी रक्कम त्याला माहीत होती आणि ती सोडवून द्यायला त्याला दोन हजार ‘प्रोसेसिंग फी’ हवी होती. तो नंबरही आम्ही त्याच तक्रारीत जोडून दिला.