निकोडेमस की बोग?
अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ग्रॅहम काउंटीतली ही दोन शेजारची गावं. हाताशी एकच दिवस असेल तर मी निकोडेमसच निवडेन. १८७७ साली केंटकीहून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ते वसवलं. माळरानावर लाकूडच नव्हतं, म्हणून पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खोदलेल्या घरांत काढला. दुरून गाव दिसायचंच नाही, मातीतून वर येणारा धूर तेवढा दिसायचा. ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी शिकारीतलं अन्न दिलं, म्हणून निभावलं.

बोग रेल्वेमुळे उभं राहिलं. १८८८ मध्ये रूळ सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून गेले आणि निकोडेमसची दुकानंही तिकडे हलली. आजही वस्ती बोगलाच जास्त आहे. पण जुलैअखेरीस निकोडेमसला जा, पांगलेली कुटुंबं तेव्हा घरी येतात.