पाहुण्यांसाठी टकिला: ब्लँको की रेपोसादो?

बाटलीचा थाट सोडा, आधी लेबलवर '१०० टक्के अगावे' (ज्या घायपातीसारख्या वनस्पतीपासून टकिला बनते ती) लिहिलंय का ते बघा. नसेल तर ती मिक्स्तो: अगावेची साखर निदान ५१ टक्के, बाकी बहुधा उसाची. ती सरळ परत ठेवायची.

मग खरा प्रश्न. ब्लँको पाण्यासारखी नितळ, लाकडी पिंपाशी संबंध न आलेली किंवा जेमतेम आलेली. नाकाशी नेली की भाजलेला अगावे, मिरी, लिंबाची साल असा वास थेट येतो. लपायला जागाच नाही, त्यामुळे बनवणाऱ्याचा हात इथेच कळतो. मार्गारिटा हे कॉकटेल करायचं तर हीच; लिंबाच्या आंबटपणापुढे ती दबत नाही.

रेपोसादो ओकच्या पिंपात किमान २ महिने, पण वर्षाच्या आत मुरते. चवीला मऊ, व्हॅनिलाकडे झुकणारी. नुसत्या सोनेरी रंगावर मात्र भाळू नका, कॅरॅमल घालायची मुभा नियमांतच आहे! टकिला म्हणजे मीठ चाटून घशात ओतायची, एवढंच ठाऊक असलेल्या पाहुण्याला ही बर्फाशिवाय, छोट्या ग्लासात द्या. घोट घोट घेईल.

एकच बाटली आणायची तर माझं मत ब्लँकोला. कॉकटेलही होतं, नुसतीही पिता येते.